दोन सुनांची नावं लिहिलेलं ताट

मी एक जुनं पितळेचं ताट. काठ दोन जागी चेपलेला, कल्हई उडालेली, आणि पाठीवर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव आता बोटानं चाचपलं तरच कळतं. अशा वयात कुणी आपली कहाणी सांगायला लागलं की पोरं हळूच उठून पळतात, हे मला माहीत आहे. मित्रांनो, तुम्ही जरा बसा. माझी कहाणी तशी माझी एकट्याची नाहीच. मी पडलो ताट. माझ्यात जे वाढलं जातं ते नेहमी दुसऱ्याचंच असतं.

बऱ्हाणपूरच्या बाजारात एका तांबटानं मला ठोकून घडवलं. त्याचे घाव मला मुळीच आवडले नव्हते. पण काम झाल्यावर त्यानं मला उन्हात धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "झालं चांगलं." माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. पुढंही कौतुक पुष्कळ झालं, पण ते बहुतेक माझ्यात वाढलेल्या पुरणाच्या मांड्यांचं असायचं.

त्याच शहरातल्या राजपुरा मोहल्ल्यातल्या एका घरानं मला लग्नासाठी विकत घेतलं. नवरदेवाचं नाव वामन. कापडाच्या पेढीवर कारकून होता, शांत माणूस. नवरी तापीकाठच्या एका खेड्यातली, केळीच्या मळ्यांत वाढलेली, नाव धुरपदा. आता आपल्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण तुमच्यातल्या पुष्कळांनी ती पाहिलेली नसेल. लग्नात सुनेचं नाव बदलायचं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवानं अंगठीच्या कडेनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. सगळे वाकून वाचतात, हसतात, टाळ्या वाजवतात. मग तांदूळ हलवले की नाव पुसलं जातं. म्हणजे ताटातून पुसलं जातं. माणसाला ते जन्मभर चिकटतं.

वामनच्या बहिणींना धुरपदा हे नाव गावंढळ वाटलं होतं. म्हणून वामननं माझ्यावर लिहिलं, कुसुम. धुरपदानं वाकून वाचलं आणि बारीक आवाजात विचारलं, "हे कोण व?"

"अगं, तूच," नणंद म्हणाली, आणि सगळ्या बायका खो खो हसल्या.

धुरपदाही हसली. मी तिच्या अगदी तोंडासमोर होतो म्हणून सांगतो, ते हसू वरवरचं होतं. पुढच्याच आठवड्यात माझ्या पाठीवर 'कुसुम वामन' असं नाव घालून आणलं. घरातली सगळी माणसं तिला कुसुम म्हणू लागली. मी मात्र तिला अजून धुरपदाच म्हणतो. माहेरची माणसं एकेक करून गेली, आणि त्या नावानं तिला हाक मारणारं आता कोणी उरलं नाही.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. सणाला नैवेद्य, भाऊबीजेला ओवाळणं, पाहुणा आला की मानाचं पान. वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा आणि मी पुन्हा चांदीसारखा व्हायचो. मग स्टील आलं. स्टीलला ना चिंच लागते ना राख, त्यामुळं त्याचं चटकन जमलं. मी फळीवर गेलो. वामन वारला. त्यांचा एकुलता एक मुलगा नंदकुमार बापाच्याच पेढीवर हिशोब लिहायला लागला. मी वरून सगळं बघत होतो. फळीवर राहणाऱ्याला दुसरं काय असतं.

नंदकुमारच्या लग्नात मला खाली काढलं, चिंचेनं लख्ख घासलं. मुलगी जवळच्याच निंबोला गावची, देवराम पाटलांची लेक, शिकलेली नर्स. शहरातल्या एका दवाखान्यात कामाला होती. सगळं छान होतं, फक्त एक अडचण होती. मुलीचं नाव कुसुम.

आता एका घरात दोन कुसुम कशा चालतील? हाक मारली की दोघी ओ देणार. सासूनं सुनेला स्वतःच्याच नावानं हाक मारायची, हे चारचौघांत कसं दिसतं? धुरपदानं निकाल दिला, "नाव बदला." नंदकुमारनं माझ्यावर लिहिलं, सुलभा. नवी नवरी वाकली, तिनं वाचलं, आणि तिनं काही विचारलं नाही. ती सरळ म्हणाली, "घरात सुलभा म्हणा, माझी ना नाही. ड्यूटीवर मी कुसुमच राहीन. सर्टिफिकेटं त्या नावाची आहेत."

"रहा ना व, कोण नाही म्हणतं," धुरपदा म्हणाली.

तसंच झालं. दवाखान्यात ती कुसुम सिस्टर, घरात सुलभा. दोन नावं दोन खुंट्यांवर टांगल्यासारखी होती, बाहेर पडताना एक घ्यायचं आणि घरी आल्यावर दुसरं. लग्नाची नोंद करताना धुरपदानं सुलभा हेच नाव लिहायला लावलं. चैताली जन्मली तेव्हा तिच्या दाखल्यावर आईचं नाव सुलभा. आपल्या मध्य प्रदेशात घरातल्या सगळ्या माणसांची मिळून समग्र आयडी असते, तिच्यात वरती कुसुम म्हणजे धुरपदा, खाली नंदकुमार, सुलभा आणि चैताली. "आपल्या घरचं नाव आहे, तेच टाका," असं धुरपदा प्रत्येक वेळी म्हणाली. ती मायेनंच म्हणत होती, आणि कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही, खोटं कशाला बोलू.

चैताली दुसरीत असताना तिच्या आईला, कुसुमला, कळलं की जर्मनीत नर्स हव्या आहेत. इंदूरला राहून ती जर्मन भाषा शिकली. पासपोर्ट सर्टिफिकेटांवरून काढला, कुसुम देवराम. ठरलं असं की आधी तिनं एकटीनं जायचं. तिथं कामाला लागायचं, तिथली परीक्षा द्यायची, पक्की नर्स म्हणून कार्ड हातात आलं की नवऱ्याला आणि लेकीला बोलावून घ्यायचं. "बस, थोडे दिन की बात है," नंदकुमार चैतालीला सांगत होता. चैताली आईच्या ओढणीचं टोक तोंडात धरून उभी होती. ती रडली नाही. मला वाटतं रडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझं नशीब पालटलं. व्हिडिओ कॉलच्या वेळी फोन उभा राहीना, सारखा घसरायचा. चैतालीनं मला फळीवरून ओढून खाली काढलं, भिंतीला टेकवलं आणि माझ्या काठाशी फोन ठेवला. तेव्हापासून मी फोनचा टेका झालो. आजवर भात पेलला, मांडे पेलले, दिवे पेलले, पण अख्खं माणूस मी पहिल्यांदाच पेलत होतो.

तिकडचं सगळं मी तसंच ऐकलं. कुसुम एका छोट्या गावात राहत होती. एक खोली, एक खिडकी, खिडकीबाहेर पार्किंग. पहिल्या रविवारी तिनं कपड्यांचं मशीन लावलं तर खालची म्हातारी वर आली आणि रविवारी आवाज करत नाहीत असं सांगून गेली. कुसुम म्हणाली, "बाई भली होती. पण त्या दिवशी मला कळलं की इथं शांत राहायचं पण शिकावं लागतं." वॉर्डात पेशंटला उचलणं, सुई लावणं, सगळं तिला येत होतं. पण दुपारी चहाच्या टेबलावर बाकीच्या बायका हसायच्या आणि विनोद हिला कळेपर्यंत त्या दुसऱ्या गोष्टीवर गेलेल्या असायच्या. मग ती उशिरा एकटीच हसायची. भाषेचा वर्ग, परीक्षा, पुन्हा वर्ग. नव्या देशात रुळायची वर्षं म्हणतात त्यांना. रुळायला कोणी सोबत असतं तर गोष्ट वेगळी होती.

इकडं चैताली फोनसमोर बसून जेवायची. आई तिकडं पाव खायची, ही इकडं पोळी. "मम्मी, आज टीचरने मुझे स्टार दिया." "दाखव." "दप्तरमध्ये आहे." सुरुवातीला ती दप्तर आणायला धावायची. पुढं पुढं ती म्हणायला लागली, "बाद में दाखवते."

कुसुमला कार्ड मिळालं तेव्हा नंदकुमारनं गोटूला घरी बोलावलं. गोटूचं सिंधीपुऱ्यात ऑनलाइन कामाचं दुकान आहे, अख्ख्या शहराचे अर्ज तो भरतो. चहा पिता पिता तो म्हणाला, "देखो नंदूभाऊ, रस्ते आहेत. भाभीचा नवरा म्हणून तुम्ही आणि मुलगी म्हणून चैताली, हा पक्का रस्ता. पण तुम्हाला तिथली भाषा थोडी यायला पाहिजे, आणि कागद साफ पाहिजेत. नाहीतर तुम्ही स्वतः तिथं नोकरी शोधा आणि स्वतःच्या दमावर जा."

"पेढीच्या कारकुनाला तिथं कोण विचारतं?"

"तेच तर. मग उरला घूमने का व्हिसा. तीन महिने राहा आणि परत या."

"आणि आईचं?"

गोटूनं कप खाली ठेवला. "काकूंचा रस्ता नाही भाऊ. नवरा, बायको आणि लहान पोरं. एवढंच कुटुंब धरतात ते."

धुरपदा तिथंच मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी भाजीत काड्याच काड्या निघाल्या.

नंदकुमार भाषा शिकायला लागला. जेवताना घास हातात धरून तो "इश हाइसे नंदकुमार" असं घोकायचा, म्हणजे माझं नाव नंदकुमार. धुरपदा म्हणायची, "हे काय साप सोडल्यासारखं हिस हिस लावलं आहे? चाळिशीला आला, अजून नाव सांगता येत नाही." चैताली हसून हसून ताटात सांडायची. पहिल्या परीक्षेत तो नापास झाला, दुसऱ्या वेळी पास झाला. पेढीवर त्यानं पेढे वाटले. घरात पुष्कळ दिवसांनी आनंद झाला.

मग कागद घेऊन तो मुंबईला व्हिसाच्या ऑफिसात गेला. परत आला तो थेट माझ्यासमोर बसला, कारण फोनवर कुसुम वाट बघत होती. काउंटरवरची बाई शांतपणे काय म्हणाली ते त्यानं सांगितलं. "या कागदांप्रमाणे तुमच्या पत्नी सुलभा आहेत. जर्मनीत राहतात त्या कुसुम देवराम. आणि तुमच्या घरच्या यादीत कुसुम नावाच्या तुमच्या आई दिसतात. मग तुम्ही नक्की कोणाकडे चालला आहात?"

नंदकुमार हे सांगताना हसला, पण त्या दिवशी तो जेवला नाही.

चैतालीनं सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, "म्हणजे ते काय समजतात, मम्मी माझी मम्मी नाही?"

मित्रांनो, त्या दिवसाइतकं मुकं असल्याचं दुःख मला कधी झालं नव्हतं. नंदकुमारनं तांदळात सुलभा लिहिलं तेव्हा कुसुमच माझ्यावर वाकली होती. तिच्या बाशिंगाची झालर माझ्या काठाला लागली होती. दोन्ही नावांची बाई एकच, हे मी पाहिलं होतं. पण साक्षीला ताटाला कोण बोलावणार?

वकिलानं उपाय सांगितला. लग्नाची नोंद दुरुस्त होईल, चैतालीचा दाखलाही होईल. पण ज्या थोरल्या माणसानं नाव बदललं त्यानं समोर येऊन शपथेवर सांगायला हवं की माहेरची कुसुम आणि सासरची सुलभा एकच, आणि नाव का बदललं. असं थोरलं माणूस घरात एकच होतं, आणि ते म्हणजे धुरपदा.

"जाऊ की," ती म्हणाली.

पण जाईना. आज अमावस्या आहे, चांगल्या कामाला निघू नये. आज गुडघा धरला आहे. आज पापडाचं पीठ भिजवून ठेवलं आहे, ते कोण बघणार. नंदकुमार पेढीवरून अर्धी सुट्टी काढून यायचा आणि ती डोक्यावर पदर बांधून वाळवण घालत बसलेली असायची. तो बिचारा आईला काही बोलायचा नाही. मला मात्र तिचा राग आला. किती दिवस चालायचं हे, असं मनात म्हणायचो. पण सकाळी चैतालीची वेणी घालताना तिचे हात मी बघायचो. वेणी घालून झाली तरी ते हात केसांवरून निघायचे नाहीत. कागद सुधारले की हे घर रिकामं होणार, हे तिला कळत होतं. ती घाबरली होती. दुसरं काही नाही.

असाच एक सुट्टीचा दिवस होता. दुपारी कुसुमचा फोन आला, चैतालीनं तो मला टेकवून ठेवला. दोन-चार वाक्यं झाली आणि खालून मैत्रिणीनं हाक मारली. "दो मिनट मम्मी, आते मी," म्हणून ती पळाली. ती काही परत आली नाही. खेळात विसरली. लहान पोर, तिचा काय दोष.

फोन चालूच होता. कुसुम तिकडं एकटी बसून राहिली. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग ताटलीतला पाव बाजूला सारला आणि ती रडायला लागली. आवाज न करता, तिकडच्या रविवारसारखी शांत. धुरपदा हात पुसत चुलीपासून बाहेर आली तेव्हा तिला ते दिसलं.

"सुलभा," तिनं हाक मारली.

कुसुमनं वर पाहिलं नाही.

"सुलभा, व पोरी."

तरी नाही. धुरपदा माझ्यासमोर पाट ओढून बसली. तिच्या ओठांची थोडी हालचाल झाली, आणि सून घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती म्हणाली, "कुसुम."

कुसुमनं झटकन वर पाहिलं. डोळे पुसले. "आई, तुम्ही? माझं लक्ष नव्हतं. इथं कोणी सुलभा म्हणतच नाही, त्यामुळं कळायला वेळ लागतो."

"मला पण नव्हतं कळत," धुरपदा म्हणाली. "या घरात आली तेव्हा कोणी कुसुम म्हटलं की मी मागं वळून बघायची, कोण आलं म्हणून. माहेरी मी धुरपदा होती."

"मला हे माहीत नव्हतं, आई."

"कोणाला माहीत आहे? कोणी विचारलंच नाही. माझा बाप भेटायला आला की दारातूनच हाक मारायचा, धुरपदे. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. तो गेला आणि ती हाक पण गेली." तिनं घसरलेला फोन सरळ केला. "तिथं तुला कुसुम म्हणणारे पुष्कळ आहेत, नाही का?"

"म्हणतात सगळे. पण मी कोण, ते कोणाला माहीत नाही."

फोन माझ्या छातीशी होता, म्हणून मला तिकडच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती.

"पोरगी कुठं आहे, आई?"

"खाली खेळते आहे. लेकरू आहे व. त्याला किती दिवस फोनशी बोलायला लावायचं?" धुरपदानं पदरानं नाक पुसलं. "माझंच चुकत होतं. उद्या जाते मी वकिलाकडं. तुझं नाव मी बदललं होतं, तर सांगायला पण मीच पाहिजे."

"मग तुम्ही एकट्या राहाल, आई."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर अमावस्या काढत होती."

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. गुडघा दुखत होताच, तरी गेली. तिथलं मी पाहिलं नाही, संध्याकाळी नंदकुमारनं चैतालीला सांगितलं ते ऐकलं. शपथपत्र घेणाऱ्या साहेबानं आधी आजीचंच नाव विचारलं. आजी म्हणाली, कुसुम. हेच नाव पहिल्यापासून का, असं त्यानं सहज विचारलं. तर आजी म्हणाली, "नाही. मी धुरपदा. माझं नाव बदललं, मग मी सुनेचं बदललं. तिला तिचं नाव परत द्या. माझं राहू द्या, आता मला कुठं जायचं आहे." साहेबानं पेन खाली ठेवून तिच्यासाठी पाणी मागवलं म्हणे.

त्यानंतरही कागद फिरत राहिले. दोन्ही नावांची बाई एकच असं वर्तमानपत्रात छापून आलं, नोंद सुधारली, दाखला सुधारला, पुन्हा मुंबई झाली. शेवटी दोघांचा व्हिसा आला. चैतालीनं उड्या मारल्या आणि मग एकदम थांबून आजीकडं पाहिलं. धुरपदा म्हणाली, "नाच ना व, थांबली कशाला?" आणि ती आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत होता. घासायला तेव्हा एकही भांडं नव्हतं.

सामान बांधताना चैतालीनं मलाही बॅगेत घातलं होतं. फोनवरून कुसुम म्हणाली, "बेटा, ते राहू दे. आजीच्या फोनला टेकायला काहीतरी पाहिजे ना." म्हणून मी राहिलो.

सुरुवातीला फोन रोज यायचा. नंदकुमार तिथं एका गोदामात लागला आहे, त्याची भाषा आता घास हातात न धरताही निघते. चैताली शाळेत रुळली. मायलेकी शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या की मला समाधान वाटतं, ते मी नाकारत नाही. ज्यासाठी सगळं केलं ते झालं. कुसुमचं ते उशिराचं हसणं गेलं, आता ती वेळेवर हसते. पण तिकडचे दिवस भरगच्च आहेत. शाळा, ड्यूटी, वर्ग. "आजी, मैं बाद में करती हूँ," चैताली म्हणते. धुरपदा म्हणते, "कर व, सावकाश कर." मग ती मला टेकवलेला फोन तसाच ठेवून तिथंच बसून राहते.

ती आता माझ्यातच जेवते. कल्हई करणारा इकडं येत नाही, म्हणून माझ्यावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवते आणि त्यावर वाढून घेते. पुन्हा कामाला लागलो, याचा आनंद मला व्हायला हवा होता. पण समोर बसणारं माणूस एकही शब्द न बोलता जेवून उठतं, तेव्हा ताटालाही जेवण जड जातं.

मागच्या उन्हाळ्यात कुसुमनं हट्टच धरला. "आई, कायमचं जमत नाही तर तीन महिने तरी या. घूमने के व्हिसावर." धुरपदानं नवं लुगडं काढून ठेवलं. चैतालीसाठी दराब्याचे लाडू करायचे म्हणून गव्हाचं पीठही दळून आणलं. गोटू लॅपटॉप घेऊन घरी आला. त्यानं जन्मतारीख विचारली, पासपोर्ट पाहिला, भराभर टाइप केलं. मग तो अडखळला.

"काकू, त्यांना खात्री पाहिजे की तुम्ही परत येणार. इथं शेती आहे?"

"नाही."

"नोकरी, दुकान, काही?"

"या वयात?"

"मग कोणी माणूस. नवरा, पोरगं, सून, कोणी पण. ज्याच्यासाठी तुम्हाला परत यावंच लागेल. इथं तुमचं कोण आहे, काय लिहू?"

धुरपदानं घरभर नजर फिरवली. दाराकडं पाहिलं, फळीकडं पाहिलं. शेवटी तिची नजर माझ्यावर आली.

"ताट आहे," ती म्हणाली आणि हसली. गोटूही हसला. त्यानं ती जागा रिकामीच सोडली.

अर्ज नामंजूर झाला. या बाई परत येतील असा भरवसा वाटत नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. गोटूनं तिला ते वाचून दाखवलं. धुरपदानं फोन माझ्याशी टेकवला आणि सुनेला सांगितलं, "अगं, गुडघा फार धरला आहे. मीच नको म्हटलं." नंतर तिनं लुगड्याची घडी घालून ते पेटीत ठेवलं, आणि आणलेल्या पिठाच्या रोज दोन पोळ्या करून खाल्ल्या.

मित्रांनो, जुनी भांडी घासून ठेवा, मोडीत काढू नका, असं माझ्यासारख्यानं शेवटी सांगायचं असतं. ते तुम्ही कराल न कराल. मी पितळ आहे, मला घाई नाही. पण तुमच्या गल्लीतही असं एक दार असेल. आतली माणसं दूर देशी गेली, आणि ज्याला कुठल्याच कागदावर कुटुंबात धरत नाहीत, असं एक माणूस मागं राहिलं. त्या घरी जा. दुपारच्या वेळी जा, तेव्हा घर फार मोठं होतं. काही न्यायला नको, नुसतं समोर बसा आणि त्यांचं माहेरचं नाव विचारा. रोज नाही जमलं तरी येत-जात राहा. उद्या कोणी अर्ज भरताना त्यांना विचारेल, इथं तुमचं कोण आहे. त्या वेळी त्यांना सांगायला एक नाव असू द्या, आणि ते तुमचं असू द्या.